कनेरगाव नाका, सहा बावन्न

दाजी आता डाव्या हाताने जेवतात. बहीण त्यांच्याकडे न बघता भाजी वाढते, मी पावसाचा विषय काढतो. त्या शनिवारी दाजी, भाचा आणि मी, आम्ही तिघांनी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, ते मी वेळेसकट वहीत उतरवून ठेवलं आहे. तेवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, प्रयोगाची नोंद प्रयोग चालू असतानाच करावी असं मुलांना बजावत आलो. माझी नोंद मात्र दवाखान्याच्या बाकावर झाली.

शुक्रवार, दुपारी ४. (२७ तास आधी)

हैदराबाद. दाजी नौदलातून निवृत्त होऊन वाशिमला स्थायिक झाले, पण त्यांचं मन काही जमिनीवर उतरलं नव्हतं. वाशिमजवळच्या एकबुर्जी धरणाच्या पाण्यात शिडाची होडी सोडायची, हे त्यांचं दहा वर्षांचं वेड. हुसेनसागरावर शिडाच्या होड्या चालतात, तिथे ओळखीतून एक जुनी ‘एंटरप्राइझ’ मिळाली. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने १९५६ साली आखलेली ही होडी. लांबी चार मीटर, अंग फायबरचं, आणि शीड निळं. हा वर्ग निळ्या शिडावरूनच ओळखला जातो. सोबत दोन चाकांचा ट्रेलर फुकट. फुकट मिळाल्यामुळे त्याच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही.

आमच्या बोलेरोला मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा आधीच्या मालकाने बसवलेला होता. ट्रेलरच्या तोंडाला कपलर असतो, म्हणजे गोळ्यावर बसणारी वाटी आणि तिची कडी. दाजींनी वाटी गोळ्यावर ठेवली, कडी दाबली, कट्ट असा आवाज झाला. गॅरेजवाला म्हणाला, “चलता साब.”

वाटी ५० मिलिमीटरच्या गोळ्यासाठी होती. आमचा गोळा एक पूर्णांक सात अष्टमांश इंची, म्हणजे ४७.६ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरच्या फरकाने कडी बंद व्हायची थांबत नाही, उलट जरा सहजच बंद होते. खरी परीक्षा एकच. कडी लावल्यावर ट्रेलरचं तोंड दोन्ही हातांनी वर उचलायचं. गाडीचं बूड सोबत उचललं गेलं पाहिजे. आम्ही आवाजावर विश्वास ठेवला.

शुक्रवार, संध्याकाळी ६. (जवळजवळ २५ तास आधी)

डोलकाठी उतरवली. ॲल्युमिनियमची काठी, सहा मीटरांहून थोडी जास्त. तिला तीन तारा धरतात, एक पुढून, दोन बाजूंनी. प्रत्येक तार होडीच्या अंगावरच्या पत्र्याला पिनेने जोडलेली असते, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात किल्लीच्या कड्यासारखी बारीक रिंग. रिंग जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. भाच्याने तिन्ही रिंगा काढून माझ्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवल्या आणि डबी पार्किंगच्या कठड्यावर. पिना त्याने खिशात टाकल्या. डबी कठड्यावरच राहिली.

तेवढ्यात बहिणीचा फोन. पितृपक्ष चालू होता. “या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही, कळतं ना?” दाजी म्हणाले, “नवी कुठाय? माझ्याहून म्हातारी आहे.” मग ती मुद्द्यावर आली. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने होडी उलटून सहा जण गेले होते. २०१९ चं ब्रह्मनाळही तिने काढलं, पूर आलेल्या कृष्णेत माणसांनी भरलेली होडी उलटली होती ते. दाजींनी तिच्यासमोर (म्हणजे फोनवर) चार लाइफ जॅकेटं विकत घेतली. बुडण्याची तयारी झाली. रस्त्याची भीती घालायला आमच्या घरात कुणी नव्हतं.

शनिवार, सकाळी ६.३०. (१२ तास २२ मिनिटं आधी)

सामान भरलं. सुकाणू, मधलं पातं, लोखंडी नांगर, जॅकेटं, शिडांची पिशवी, आणि बहिणीसाठी घेतलेला बिडाचा जड तवा. हे सगळं होडीच्या मागच्या भागात, कारण मागून हात सहज पोचत होता. डोलकाठी होडीवर आडवी टाकली. होडीपेक्षा ती दोन मीटरांहून जास्त लांब, ते जास्तीचं टोकही मागेच, त्याला लाल फडकं बांधून.

इथे मला माझीच कीव येते. तरफेचा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल? ट्रेलरचं चाक म्हणजे टेकू. मागे वजन वाढलं की पुढचं तोंड हलकं होणार. होडी, ट्रेलर आणि सामान धरून तीनशे किलो असतील, तर त्यातलं वीस-तीस किलो वजन गोळ्यावर दाबून बसायला हवं. आमचं तोंड एका हाताने उचललं जात होतं आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो. “किती हलकं चालतंय बघा मामा,” भाचा म्हणाला. मी मान डोलावली.

सकाळी ७.१०. (११ तास ४२ मिनिटं आधी)

कपलर सुटला तर ट्रेलर गाडीलाच लटकून राहावा म्हणून साखळी असते. तिचा हूक गंजून मोडला होता. भाच्याने साखळी बाइंडिंग वायरने बांधली, सळ्या बांधायची असते ती. दाजींनी पाहिलं. नौदलात पंधरा वर्षं दोर आणि गाठी हाताळलेला माणूस, त्यांना हे चालणार नाही हे कळलं होतं. पुढे त्यांनीच तसं सांगितलं. पण पोरगा पहाटे साडेचारपासून राबत होता, आणि उन्हाच्या आत निघायचं होतं.

सकाळी ९.३०.

संगारेड्डीच्या पुढे चहा. नवा बांधलेला दोर पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचा असतो, कारण धक्क्यांनी सामान बसतं आणि दोराला जागा मिळते. आम्ही चहा प्यालो.

दुपारी १२.

देगलूर. महाराष्ट्र आला म्हणून फोटो.

दुपारी २. (पाच तासांहून कमी)

नांदेडला जेवण आणि पाऊस. होडी रॅचेट पट्ट्यांनी बांधायला हवी होती, आमच्याकडे नायलॉनचा दोर होता. नायलॉन मुळात ताणला जातो, आणि भिजला की आणखी सैल पडतो. अर्धापूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तसा भाच्याने वेग साठच्या वर नेला आणि आरशात बघून म्हणाला, “मामा, शेपूट हलतंय.”

मी मागे वळून पाहिलं. होडी डावी-उजवी झुलत होती, प्रत्येक झोक्याला थोडी जास्त. मागे वजन असलेला ट्रेलर असाच वागतो; वेग वाढला की झोका वाढतो आणि एका वेगानंतर तो गाडीलाच फिरवतो. दाजी म्हणाले, “हळू घे.” वेग पंचेचाळीसवर आला, शेपूट थांबलं.

दिवसभरातली सगळ्यात महागडी गोष्ट हीच. झोका थांबला म्हणजे बिघाड गेला, असं आम्ही तिघांनीही धरलं. खरं तर ट्रेलरने आपलं दुखणं अगदी स्पष्ट दाखवलं होतं. पाच मिनिटं थांबून तवा आणि नांगर बोलेरोत घेतले असते तरी पुरलं असतं. त्याऐवजी दर तासाला “काही झालं नाही” याची एकेक वीट रचत आम्ही पुढे निघालो.

संध्याकाळी ५.१०.

हिंगोली. इथे आम्ही एक गोष्ट बरोबर केली, म्हणून लिहितो. ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर हात ठेवून पाहिला. बेअरिंगमध्ये ग्रीस नसेल तर तिथे चटका बसतो. कोमट होतं. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. आता काय, तासाभरात घर.

संध्याकाळी ६.०५. (४७ मिनिटं आधी)

कनेरगाव नाका. पैनगंगा इथून जवळ, आणि नदीपलीकडे वाशिम जिल्हा, म्हणजे विदर्भ. ही नदी पूर्वी निजामाचं राज्य आणि वऱ्हाड यांच्यातली हद्द होती. गावाच्या नावातला नाका त्याच हद्दीवरचा करोडगिरीचा, जकातीचा असावा, असा माझा तर्क. निजामाच्या राजधानीतून निघालेली होडी अख्खं जुनं संस्थान ओलांडून त्याच्या शेवटच्या नाक्यापर्यंत विनातक्रार आली होती, असं मी मोठ्याने म्हणालोही. चहासाठी भाच्याने मोठा रस्ता सोडला.

६.०८.

गतिरोधक. पट्टे उडालेला, आणि उजेड कमी झालेला. बोलेरोची मागची चाकं वरून उतरली तशी गाडीचं बूड खाली गेलं. ट्रेलरचं हलकं तोंड मात्र खाली गेलं नाही. वाटी गोळ्यावरून सहज उचलली गेली, दुधावरची साय उचलावी तशी. बाइंडिंग वायर तुटल्याचा आवाजही आला नाही. आवाज आला तो लोखंड डांबरावर घासल्याचा. ट्रेलरचं तोंड रस्त्यात रुतलं, सैल दोरातून होडी पुढे सरकली आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आमच्या मागच्या दरवाजावर आदळली. डोलकाठी घरंगळून रस्त्याच्या कडेच्या दगडांवर पडली.

कुणाला काहीही लागलं नाही. मागे दुचाकी नव्हती, रस्त्यात पोर नव्हतं. इथे हा घटनाक्रम संपला असता तर मी तो लग्नकार्यात रंगवून सांगितला असता.

६.२०.

माणसं जमली. “काय हाय हे?” “होडी हाय.” “कुठं चालली?” “वाशिमला.” “वाशिमला एवढं पाणी कधी आलं?” दहा-बारा जणांनी हसत-हसत होडी उचलून ट्रेलरवर सरळ ठेवली, ट्रेलर कडेला ओढला, त्याच्या लोखंडी तोंडाखाली गाडीचा जॅक लावला. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. दाजी खुलले. दिवसभर अंगात जो ताण होता तो त्या गतिरोधकावर उतरून गेला. व्हायचं ते होऊन गेलं, अशी एक विचित्र सुट्टी लागली होती सगळ्यांना. आता वाटतं, माणूस सर्वांत बेसावध कधी असतो तर वाचल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

६.३५. (१७ मिनिटं आधी)

डोलकाठीला पोचा आला होता. ती वाकली आहे का, हे दाजींना पाहायचं होतं. सुतार फळी बघतो तशी काठी आडवी ठेवून एका टोकाला डोळा लावला असता तर बाक कळला असता, ते काम अर्ध्या मिनिटाचं. पण समोर तीसेक माणसं उभी, पोरं विचारतायत, “शीड कसं लावतेत?” दाजी म्हणाले, “उभी करूनच बघू.”

भाच्याने बाजूच्या दोन तारा जोडल्या, पिना घातल्या, रिंगांसाठी खिसे चाचपले. डबी आठवली. “बाबा, रिंगा नाहीत.” “दोन मिनिटांचं काम आहे, राहू दे.” पुढची तार आखूड पडत होती म्हणून दाजींनी तिच्या टोकाला तोच नायलॉनचा ओला दोर बांधला आणि ओढताना सुटू नये म्हणून उजव्या हाताला एक वेढा घेतला. दोराचा वेढा हाताला घ्यायचा नाही, हे त्यांनीच भाच्याला लहानपणी शिकवलेलं.

६.४८.

आमच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या कडेने, ११ हजार व्होल्टची लाइन जात होती. सूर्य मावळून अर्धा तास झालेला, आभाळ ढगाळ, त्या उजेडात खांब दिसतो, तार दिसत नाही. रस्त्याच्या कडेने जाणारी अशी तार जमिनीपासून किमान ५.८ मीटरवर हवी, हे भारतीय वीज नियमांनी ठरवलं १९५६ साली, ही होडी इंग्लंडात जन्मली त्याच साली. तार तिच्या जागी होती. आमची काठी सहा मीटरांच्या वर, शिवाय ट्रेलरची उंची.

उभ्या केलेल्या डोलकाठीने तार गाठणं हा शिडाच्या होड्यांचा जगभरचा जुना घात आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या एका तलावावर स्काउटच्या तीन मुलांचा जीव असाच गेला. त्यांच्या होडीची काठी पाण्यावरून जाणाऱ्या तारेला लागली होती. हे मला नंतर कळलं. दाजींना नौदलात केव्हाच शिकवलेलं होतं. काठी उभी करण्याआधी काय करायचं, या पाठातलं पहिलं वाक्यच आहे ते, वर बघा.

चहाच्या टपरीवरचं एक पोरगं पुढे आलं. दहा वर्षांचं असेल. म्हणालं, “काका, तार.”

दाजी दोर ओढता-ओढता म्हणाले, “हो बेटा, तारच धरते तिला.”

पोरगं गोंधळलं. त्याने मान वर केली, दाजींकडे पाहिलं, आणि मोठी माणसं जाणत असतील म्हणून मागे सरलं.

६.५१.

काठी उभी राहिली. मी मागून हात काढला. भाचा होडीत बुंध्याशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी दोर आणखी थोडा आवळला.

६.५२.

डाव्या तारेची पिन बाहेर आली. रिंग नसलेली पिन ताण वाढला आणि काठी जराशी हलली की येते. टिक असा आवाज मी ऐकला. काठी उजवीकडे झुकली, सावकाश, पडायचं की नाही ठरवत असल्यासारखी. भाचा बुंधा सोडून डावीकडे कोसळला, म्हणून तो आहे. दाजींनी दोर सोडला नाही. सोडायची त्यांना सवय नव्हती, आणि हाताला वेढा होता.

निळा उजेड पडला. आवाज गोणपाट फाडल्यासारखा.

हातात लोखंडाची तार असती तर आज मी हे लिहिलं नसतं. मधे दोन हात लांबीचा दोर होता. ओला होता म्हणून त्याने वीज आणली, दोर होता म्हणून सगळी आणली नाही. बाकीची उजव्या तारेवाटे ट्रेलरच्या लोखंडात आणि जॅकमधून जमिनीत गेली, आणि त्यामुळे फीडर उडाला. नाक्यावरचे सगळे दिवे गेले. म्हणजे कपलर गोळ्यावरून निसटला नसता, ट्रेलर गाडीच्या रबरी टायरवरच राहिला असता, तर लाइन कदाचित बंद पडलीच नसती. एका चुकीने दुसरीतून थोडं वाचवलं, हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे. त्याने समाधान होत नाही.

६.५४.

दाजी रस्त्यावर बसलेले, उजवा हात पोटाशी. करंगळी आणि शेजारचं बोट पुढे वाशिमला काढावं लागलं. तेव्हा ते फक्त म्हणाले, “हिला सांगू नका.” भाच्याने त्यांना बोलेरोत घातलं आणि निघाला.

काठी अजून तारेवर रेललेली. अंधार होता, म्हणजे लाइट गेली होती, म्हणजे धोका संपला, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं. मलाही. चार-पाच जण काठी उतरवायला पुढे झाले. मी विज्ञानाचा मास्तर, सर्वांत पुढे.

“हात लावू नका! सरका! सरका मागं!”

सायकलवरून एक वायरमन उतरला होता. त्याने सायकल तिथेच टाकली आणि दोन्ही हात पसरून आमच्यापुढे उभा राहिला. लाइन उडाली की सबस्टेशनचा माणूस ती एकदा पुन्हा टाकून बघतो. फांदी घासून उडाली असेल तर राहते, काही अडकलं असेल तर परत उडते. त्याला इथलं काय दिसतंय? गेलेली लाइन मेलेली नसते, असं तो ओरडून सांगत होता आणि आता एका हाताने फोन लावत होता. फोन लागेना.

६.५८.

लाइन आली. होडीचं सगळं लोखंड गुणगुणलं, काठीच्या टोकाशी ठिणग्यांचा तुरा उठला, दोराचं जळकं टोक रस्त्यावर वळवळलं, आणि परत अंधार. आम्ही दहा पावलांवर होतो. चहावाल्याने त्या पोराला कवेत धरून ठेवलं होतं.

७.२५.

फोन लागला, लाइनवर काम करायचं परमिट मिळालं. वायरमनने पुढच्या खांबावर लाइन तोडली, साखळी टाकून तारा जमिनीला जोडल्या, मग सुक्या बांबूने काठी ढकलून उतरवली. टॉर्च घेऊन त्याने होडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूच्या पत्र्यापाशी थांबला, वाकला, मोकळ्या भोकात बोट घालून पाहिलं.

“हितली पिन कुठंय, सर?”

पिन त्याच्या पायाशीच होती. मी ती उचलून दिली. त्याने ती टॉर्चपुढे धरली, उलटी-सुलटी केली, टोकाचं बारीक भोक पाहिलं.

“आन् हिची रिंग?”